सॉफ्टवेअरची गुणवत्ता आणि फझी निर्णयपद्धती : प्रस्तावना

एखादे सॉफ्टवेअर चांगले आहे की नाही हे ठरवण्याची वेळ ते तयार करणाऱ्यावर, विकत घेणाऱ्यावर आणि रोज वापरणाऱ्यावर येतच असते, आणि तिघांपैकी प्रत्येक जण हा निर्णय देताना काही गोष्टी मोजून सांगतो, तर काही अनुभवाच्या आधारे शब्दांत सांगतो. चाचणीत किती दोष सापडले, एका विनंतीला उत्तर मिळण्यास किती सेकंद लागले, वर्षभरात यंत्रणा किती तास बंद होती, या गोष्टी मोजता येतात आणि त्यांच्याविषयी फारसा वाद होत नाही. परंतु सॉफ्टवेअर शिकायला सोपे आहे का, पाच वर्षांनी नियम बदलले तर त्यात दुरुस्ती करणे कितपत जड जाईल, ते ज्यांच्या हाती जाणार आहे त्यांचा त्यावर विश्वास बसेल का, या प्रश्नांची उत्तरे जाणकार माणूस ‘बऱ्यापैकी’, ‘फारसे नाही’, ‘खूपच’ अशा शब्दांत देतो. ही उत्तरे ढोबळ असली तरी पोकळ नसतात, कारण त्यांच्या मागे वर्षानुवर्षांचे काम उभे असते. अडचण एवढीच असते की अशी दहा उत्तरे एकत्र करून त्यांतून एक निर्णय कसा काढावा, याची सर्वमान्य रीत नसते.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही रीत आहे. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे घटक कोणते, त्यांपैकी कोणत्या घटकाला किती महत्त्व द्यावे आणि त्या महत्त्वानुसार समोरच्या पर्यायांची क्रमवारी कशी लावावी, हे तीन प्रश्न फझी संचांच्या गणिताच्या साहाय्याने कसे हाताळले जातात, याचे विवेचन त्यात केले आहे. वाचकाला शाळेतील अंकगणिताच्या पलीकडचे गणित येत असावे अशी अपेक्षा नाही. मात्र आकड्यांच्या मागे कोणाचे मत उभे आहे हे प्रत्येक पायरीवर विचारण्याची तयारी असावी, अशी अपेक्षा निश्चित आहे.

गुणवत्तेचे घटक

सॉफ्टवेअरची निर्मिती हे अभियांत्रिकीचे काम आहे हा विचार १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत ठळकपणे मांडला गेला. प्रकल्प वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि हाती येणारी वस्तू भरवशाची नसते, ही त्या काळची सार्वत्रिक तक्रार होती. अभियांत्रिकी म्हटली की गुणवत्तेची व्याख्या आलीच, आणि पुढील दहा वर्षांत ती करण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न अमेरिकेत झाले. बॅरी बोहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली गुणवत्तेच्या वैशिष्ट्यांची उतरंड मांडली. तर जेम्स मॅकॉल, पॉल रिचर्ड्स आणि जीन वॉल्टर्स यांनी १९७७ साली अमेरिकी हवाई दलासाठी तयार केलेल्या अहवालात अकरा घटक निश्चित केले आणि त्यांची तीन गटांत विभागणी केली. सॉफ्टवेअर वापरात असताना जाणवणारे अचूकता, विश्वसनीयता, कार्यक्षमता, अनधिकृत वापरापासून संरक्षण आणि वापरसुलभता हे पाच घटक पहिल्या गटात येतात. त्यात बदल करताना जाणवणारे देखभालसुलभता, लवचीकता आणि चाचणीसुलभता हे तीन दुसऱ्या गटात येतात. आणि ते एका परिस्थितीतून दुसरीत नेताना जाणवणारे स्थलांतरक्षमता, पुनर्वापरक्षमता आणि इतर यंत्रणांशी जुळवून घेण्याची क्षमता हे तीन तिसऱ्या गटात येतात.

या मांडणीचे महत्त्व तिच्या यादीपेक्षा तिच्या रचनेत अधिक आहे. वर घटक, घटकाखाली निकष आणि निकषाखाली प्रत्यक्ष मोजता येणारे मापक, अशी तीन मजली रचना मॅकॉल यांच्या अहवालाने घालून दिली, आणि पुढची बहुतेक प्रारूपे याच चौकटीत बसवली गेली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ९१२६ या आंतरराष्ट्रीय मानकात सहा प्रमुख वैशिष्ट्ये होती; त्याची जागा घेणाऱ्या आयएसओ २५०१० या मानकाने २०११ साली ती आठ केली आणि सुरक्षितता व इतर यंत्रणांशी सुसंगती यांना स्वतंत्र स्थान दिले; २०२३ च्या सुधारित आवृत्तीत ही संख्या नऊ झाली आणि मनुष्य, मालमत्ता व पर्यावरण यांना धोका न पोहोचवण्याचा गुण स्वतंत्रपणे नोंदवला गेला. सॉफ्टवेअर जसजसे दवाखान्यात, वाहनात आणि बँकेत शिरले, तसतशी गुणवत्तेची कल्पनाही रुंदावत गेली, हे या बदलांवरून दिसते.

मानके घटकांची नावे आणि व्याख्या देतात. पण एखाद्या विशिष्ट कामासाठी कोणता घटक किती महत्त्वाचा हे ती ठरवून देत नाहीत, आणि तसे ती ठरवूही शकत नाहीत. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या उपकरणातील आज्ञावली आणि विद्यार्थ्यांना वेळापत्रक दाखवणारे ॲप यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. शिवाय घटक परस्परांपासून स्वतंत्रही नसतात. वेग वाढवण्यासाठी विशिष्ट यंत्राला अनुरूप अशी आज्ञावली लिहिली तर ती दुसऱ्या यंत्रावर नेणे अवघड होते, आणि सुरक्षिततेच्या पायऱ्या वाढवल्या तर वापरणाऱ्याची वाट लांबते.

घटकांमधील या ताणाचे एक सुप्रसिद्ध उदाहरण युरोपच्या अंतराळ कार्यक्रमात सापडते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झालेल्या पहिल्याच उड्डाणात आरियान ५ हा प्रक्षेपक सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या आरियान ४ या प्रक्षेपकावर यशस्वी ठरलेली होती आणि तेथूनच ती घेतलेली होती. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग अधिक असल्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मर्यादा ओलांडली गेली, त्या ठिकाणी संरक्षणाची तरतूद नव्हती, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणांत तीच आज्ञावली असल्यामुळे दोन्ही बंद पडल्या. चौकशी समितीच्या अहवालानुसार ज्या भागात ही चूक झाली त्या भागाचे आरियान ५ च्या उड्डाणानंतर काही कामच उरत नव्हते. पुनर्वापरक्षमता हा मान्यताप्राप्त गुण आहे आणि आधी सिद्ध झालेली आज्ञावली वापरणे हे सावधपणाचे लक्षण मानले जाते. तरीही एका परिस्थितीत जमा झालेला विश्वास दुसऱ्या परिस्थितीत जसाच्या तसा चालत नाही, आणि एका घटकावरील गुण दुसऱ्या घटकाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाहीत. गुणवत्तेचे मूल्यमापन हा बहुनिकष निर्णय आहे, म्हणजे अनेक आणि काही वेळा परस्परविरोधी कसोट्यांवर एकाच वेळी घ्यावयाचा निर्णय आहे, असे म्हणतात ते याच कारणाने.

शब्दांचे गणित

बहुनिकष निर्णयाच्या रूढ पद्धती प्रत्येक मतासाठी एक नेमका आकडा मागतात. ‘देखभालसुलभता बऱ्यापैकी आहे’ असे म्हणणाऱ्या तज्ज्ञाला दहापैकी सात की साडेसात असे विचारले जाते, आणि तो उत्तर देतोही; परंतु त्या उत्तरातील नेमकेपणा त्याच्या ज्ञानातून आलेला नसतो, तो प्रश्नाच्या सक्तीतून आलेला असतो. एकदा आकडा लिहिला गेला की त्यामागचा संकोच कागदावरून नाहीसा होतो आणि पुढची सगळी गणिते त्या संकोचाची दखल न घेता केली जातात.

ही अडचण गणिताच्याच भाषेत मांडण्याचा मार्ग लॉत्फी झादे यांनी दाखवला. बाकू येथे १९२१ साली जन्मलेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक असलेले झादे यांनी १९६५ साली फझी संचांवरील निबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या संचात एखादी वस्तू असते किंवा नसते. फझी संचात ती किती अंशाने आहे हे ० ते १ या दरम्यानच्या संख्येने सांगितले जाते, आणि त्या संख्येला सदस्यत्वाचे मूल्य म्हणतात. यंत्रणेची उपलब्धता हे उदाहरण घेता येईल. वर्षभरात ९९ टक्के वेळ चालू असणारी यंत्रणा सुमारे साडेसत्याऐंशी तास बंद असते, ९९.९ टक्के उपलब्धतेत हा काळ सुमारे पावणेनऊ तासांवर येतो आणि ९९.९९ टक्क्यांत सुमारे ५३ मिनिटांवर. ‘पुरेशी उपलब्ध यंत्रणा’ या संचात पहिलीचे सदस्यत्व ०, तिसरीचे १ आणि मधलीचे ०.७ असे एखादी बँक ठरवू शकते. पावणेनऊ तासांची रेषा ओलांडताच चांगले एकदम वाईट होते असे कोणताही समंजस व्यवस्थापक मानत नाही, आणि फझी संच त्याची ही समज गणितात उतरवतो.

येथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केला पाहिजे. सदस्यत्वाचे मूल्य म्हणजे संभाव्यता नव्हे. संभाव्यता ही घटना घडण्यापूर्वीच्या अज्ञानाशी संबंधित असते आणि घटना घडली की संपते; यंत्रणा उद्या बंद पडेल का, हा संभाव्यतेचा प्रश्न आहे. याउलट वर्ष संपले, बंद राहण्याचा काळ मिनिटामिनिटाने नोंदवून झाला, तरी तो ‘पुरेसा कमी’ आहे का हा प्रश्न शिल्लकच राहतो, कारण येथे संदिग्धता घटनेत नसून कसोटीत असते. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेत दोन्ही प्रकारची अनिश्चितता असते, आणि एकीचे साधन दुसरीला लावल्याने गोंधळ वाढतो.

रिचर्ड बेलमन आणि झादे यांनी १९७० साली फझी परिस्थितीतील निर्णयावर एकत्रित निबंध लिहिला. उद्दिष्टे आणि मर्यादा या दोन्हींना फझी संच मानावे आणि त्यांचा छेद म्हणजे निर्णय समजावा, असे त्यांनी सुचवले. छेदासाठी सर्वांत लहान सदस्यत्व घेतले की प्रत्येक पर्यायाची किंमत त्याच्या सर्वांत कमकुवत बाजूवरून ठरते. तीन घटकांवर ०.९, ०.८ आणि ०.३ मिळवणारा एक पर्याय आणि तिन्हींवर ०.६ मिळवणारा दुसरा पर्याय यांची सरासरी काढली तर पहिला जिंकतो. छेदाच्या नियमाने दुसरा जिंकतो. दोन्ही नियम गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. कोणता वापरावा हे उणीव भरून निघण्याजोगी आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि ते ठरवणे हे गणिताचे काम नाही. पुढे १९७५ साली झादे यांनी भाषिक चल ही संकल्पना विस्ताराने मांडली. ज्या चलाची मूल्ये संख्या नसून ‘कमी’, ‘मध्यम’, ‘फार जास्त’ असे शब्द असतात आणि प्रत्येक शब्दाला एक फझी संच नेमून दिलेला असतो, त्याला भाषिक चल म्हणतात. सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञाकडून शब्द घेऊन त्यांवर गणित करण्याचा पाया येथे घातला गेला.

तुलनेपासून भारापर्यंत

घटकांचे सापेक्ष महत्त्व, म्हणजे त्यांचे भार, ठरवण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धती टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केली आणि ती श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धती किंवा एएचपी या नावाने ओळखली जाते. तिच्यात तज्ज्ञाला एका वेळी दोनच घटकांची तुलना करावी लागते, आणि ‘समान’ पासून ‘अत्यंत अधिक’ पर्यंतची उत्तरे १ ते ९ या श्रेणीत नोंदवली जातात. अशा सर्व तुलनांच्या चौकटीतून भार काढले जातात आणि तज्ज्ञाची उत्तरे एकमेकांशी जुळतात का हे सुसंगतीच्या गुणोत्तराने तपासले जाते. हे गुणोत्तर ०.१ पेक्षा अधिक असल्यास तुलना पुन्हा कराव्यात असा संकेत आहे.

या पद्धतीला फझी रूप देताना एका आकड्याच्या जागी त्रिकोणी फझी संख्या घेतली जाते. ‘तिप्पट महत्त्वाचा’ याऐवजी (२, ३, ४) असे लिहिले जाते. त्यात ३ हे सर्वांत पटणारे मूल्य असते, २ आणि ४ या त्याच्या टोकाच्या मर्यादा असतात, आणि मधल्या मूल्यापासून दूर जाताना सदस्यत्व सरळ रेषेत घटत जाते. अशा संख्या वापरून भार काढण्याची रीत व्हॅन लारहोव्हन आणि पेड्रिच यांनी १९८३ साली मांडली, बकली यांनी १९८५ साली भूमितीय मध्यावर आधारित पद्धत दिली, आणि चांग यांनी १९९६ साली मांडलेली विस्तार-विश्लेषणाची पद्धत तिच्या सोपेपणामुळे सर्वत्र पसरली.

या पद्धती कशा चालतात हे एका लहान काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक नागरी सहकारी बँक आपल्या शाखांसाठी कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर निवडत आहे आणि तिने विश्वसनीयता, सुरक्षितता व वापरसुलभता हे तीनच घटक विचारात घेतले आहेत असे समजू. तज्ज्ञांच्या मते विश्वसनीयता ही सुरक्षिततेच्या तुलनेत (१, २, ३) पट आणि वापरसुलभतेच्या तुलनेत (२, ३, ४) पट महत्त्वाची आहे, तर सुरक्षितता वापरसुलभतेच्या तुलनेत (१, २, ३) पट महत्त्वाची आहे. मधली मूल्ये घेतली असता सुसंगतीचे गुणोत्तर सुमारे ०.०१ येते, म्हणजे उत्तरे परस्परांशी चांगली जुळतात. बकली यांच्या पद्धतीने प्रत्येक ओळीचा भूमितीय मध्य काढून त्याला बेरजेने भागले की विश्वसनीयतेचा भार (०.२८, ०.५४, ०.९६), सुरक्षिततेचा (०.१५, ०.३०, ०.६०) आणि वापरसुलभतेचा (०.१०, ०.१६, ०.३३) असा येतो. प्रत्येक त्रिकुटाची सरासरी घेऊन बेरीज १ केली, की विश्वसनीयतेला ०.५२, सुरक्षिततेला ०.३१ आणि वापरसुलभतेला ०.१७ असे निश्चित भार मिळतात. फझी संख्येतून एकच आकडा काढण्याच्या या शेवटच्या पायरीला निश्चितीकरण म्हणतात.

या आकड्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की निश्चितीकरणापूर्वी विश्वसनीयतेचा भार ०.२८ पर्यंत खाली येऊ शकतो आणि सुरक्षिततेचा ०.६० पर्यंत वर जाऊ शकतो. म्हणजे तज्ज्ञांच्या मतांत विश्वसनीयता पुढे असली तरी सुरक्षितता तिला गाठू शकेल इतकी जागा त्याच मतांत शिल्लक आहे. ०.५२ आणि ०.३१ हे दोन आकडे वाचणाऱ्या संचालक मंडळाला ही जागा दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. याच तुलना चांग यांच्या विस्तार-विश्लेषणाने सोडवल्या तर भार अनुक्रमे ०.५७, ०.३६ आणि ०.०८ असे येतात. घटक तेच, तज्ज्ञ तेच, त्यांचे शब्दही तेच. तरीही केवळ गणिताची रीत बदलल्यामुळे वापरसुलभतेचे महत्त्व निम्म्याहूनही कमी झाले. वांग, लुओ आणि हुआ यांनी २००८ साली दाखवून दिले की विस्तार-विश्लेषणात एखाद्या उपयुक्त घटकाला शून्य भारही मिळू शकतो, आणि त्या पद्धतीतून येणारे आकडे घटकांचे खरे सापेक्ष महत्त्व दाखवत नाहीत. असे असूनही सोयीस्कर म्हणून हीच पद्धत अभ्यासांत वापरली जाते, आणि ती का निवडली याचे कारण पुष्कळदा दिलेलेच नसते.

सतरा टक्के आणि आठ टक्के यांतील फरक कागदापुरता नसतो. सहकारी बँकेच्या शाखेत खिडकीवर बसणारा कर्मचारी दिवसभर त्याच सॉफ्टवेअरवर काम करतो. खातेदाराचे नाव देवनागरीत नीट उमटते का, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे पासबुकावर फुटतात का, एकच आडनाव दोन प्रकारे लिहिले गेल्यास शोध लागतो का, हे सगळे प्रश्न वापरसुलभतेत मोडतात. त्या घटकाचा भार निम्मा झाला की या प्रश्नांचा निर्णयातील आवाजही निम्मा होतो, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार ती माणसे तज्ज्ञांच्या समितीत बहुधा नसतात.

पर्यायांची क्रमवारी

भार ठरल्यावर पर्यायांना गुण देण्याची पायरी येते. यासाठी ह्वांग आणि यून यांनी १९८१ साली मांडलेल्या टॉप्सिस या पद्धतीचे फझी रूप विशेष प्रचलित आहे. तिचा विचार सरळ आहे : प्रत्येक घटकावर सर्वोत्तम गुण असलेला एक आदर्श पर्याय आणि प्रत्येक घटकावर सर्वांत वाईट गुण असलेला एक प्रतिकूल पर्याय कल्पावा, प्रत्यक्ष पर्यायांचे दोघांपासूनचे अंतर मोजावे, आणि आदर्शाच्या जवळ व प्रतिकूलापासून दूर असलेल्या पर्यायाला वरचा क्रम द्यावा. चेन यांनी २००० साली या पद्धतीचा फझी विस्तार करताना ‘फार वाईट’ साठी (०, ०, १), ‘मध्यम’ साठी (३, ५, ७), ‘चांगले’ साठी (७, ९, १०) अशा सात शब्दांची श्रेणी वापरली, आणि पुढच्या अनेक अभ्यासांनी ती स्वीकारली.

अनेक तज्ज्ञांची मते एकत्र करताना बहुधा त्यांची सरासरी घेतली जाते, आणि येथे एक सापळा आहे. एका तज्ज्ञाने सुरक्षितता ‘फार वाईट’ आणि दुसऱ्याने ‘चांगली’ म्हटली, तर वरील श्रेणीनुसार सरासरी (३.५, ४.५, ५.५) येते. ती ‘मध्यम’ या शब्दाच्या जवळ आहे, पण ‘मध्यम’ ची रुंदी ४ असताना या सरासरीची रुंदी केवळ २ आहे. दोन जाणकारांत टोकाचा मतभेद असताना गणित मात्र दोघांनी एकमताने ‘मध्यम’ म्हटल्यापेक्षाही अधिक खात्रीचे उत्तर देते. संदिग्धता जपण्यासाठी योजलेले साधन येथे संदिग्धता लपवते. पहिल्या तज्ज्ञाला कदाचित अशी एखादी फट दिसली असेल जी दुसऱ्याच्या नजरेतून सुटली. अशा वेळी सरासरी काढण्यापूर्वी दोघांना समोरासमोर बसवून कारणे विचारणे हेच योग्य ठरते.

क्रासिमिर अतानासोव्ह यांचे १९८६ मधील अंतःप्रज्ञ फझी संच, ज्यांत सदस्यत्वाबरोबर असदस्यत्वाचेही मूल्य दिले जाते, आणि विसेन्स तोरा यांचे २०१० मधील संकोची फझी संच, ज्यांत एकाच बाबतीत अनेक सदस्यत्वमूल्ये नोंदवता येतात, हे पुढील काळातील विस्तार आहेत. त्यांमुळे मतभेद टिपण्याची सोय वाढली. मात्र तज्ज्ञाला विचारायचे प्रश्नही वाढले, आणि एका शब्दाऐवजी तीन आकडे मागितले तर मूळ सक्तीच नव्या रूपात परत येते.

मर्यादा आणि जबाबदारी

या पद्धतींवर झालेली टीका वाचकाने आरंभीच जाणून घ्यावी, हे उचित आहे. स्वतः साटी यांनी ट्रान यांच्यासह २००७ साली लिहिलेल्या निबंधात एएचपीतील तुलना फझी करण्यास स्पष्ट विरोध केला. तुलनांची श्रेणी मुळातच लवचीक आहे आणि तिला आणखी फझी केल्याने निर्णय अधिक चांगला होतो असे सिद्ध झालेले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा आक्षेप निराधार म्हणून बाजूला सारता येत नाही. वरील उदाहरणातच साध्या एएचपीने येणारे ०.५४, ०.३० आणि ०.१६ हे भार बकली यांच्या पद्धतीतून आलेल्या अंतिम भारांच्या अगदी जवळ आहेत. शेवटी एकच आकडा हवा असेल आणि तो मिळाल्यावर बाकीचे सारे टाकूनच द्यायचे असेल, तर फझी गणिताचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर अंतिम आकड्यात सापडत नाही, वाटेत जपलेल्या माहितीत सापडते. फझी पद्धतीत तज्ज्ञाने कोणता शब्द वापरला, त्या शब्दाचा अर्थ कोणत्या मर्यादांत घेतला गेला, मते कशी एकत्र केली आणि निश्चितीकरण कसे केले, हे प्रत्येक पायरीवर लिहून ठेवावे लागते. त्यामुळे पूर्वी समितीच्या खोलीत विरून जाणारी कुजबुज तपासता येण्याजोगी नोंद बनते, आणि ज्याला निर्णय मान्य नसेल त्याला नेमके कोणत्या पायरीवर बोट ठेवायचे हे कळते. व्यक्तिनिष्ठ मत वस्तुनिष्ठ करण्याची शक्ती या पद्धतीत नाही आणि तसा दावा करणारा अहवाल वाचकाची दिशाभूल करतो. मत उघड करण्याची शक्ती मात्र तिच्यात निश्चित आहे, आणि सॉफ्टवेअरच्या खरेदीत व निर्मितीत तीच दुर्मीळ असते.

यावरून काही पथ्ये आपोआप निघतात. ज्या घटकांत उणीव खपवून घेता येत नाही, विशेषतः जेथे मनुष्याचा जीव किंवा त्याची आयुष्यभराची बचत गुंतलेली असते, तेथे किमान पातळी आधी ठरवावी आणि ती न गाठणारा पर्याय क्रमवारीत घेऊच नये. सुरक्षिततेची तूट आकर्षक पडद्याने भरून काढणारी बेरीज करू नये. जे मोजता येते ते मोजावे, आणि चाचणीने सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी तज्ज्ञाचा शब्द वापरू नये. तुलनांच्या मर्यादा थोड्या हलवून आणि गणिताची दुसरी रीत वापरून क्रमवारी टिकते का हे पाहावे, आणि ती टिकत नसेल तर तसे अहवालात लिहावे. घटक एकमेकांवर अवलंबून असतील तर ते स्वतंत्र असल्याचे गृहीत धरणारी पद्धत निवडण्यापूर्वी विचार करावा. तज्ज्ञांच्या समितीत सॉफ्टवेअर लिहिणारे आणि विकत घेणारे यांच्याबरोबर ते रोज वापरणारेही असावेत, कारण भार ठरवणाऱ्यांत जो नसतो त्याच्या गरजेचा भार कमीच राहतो.

पुण्यात १९८१ साली टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले तेव्हापासून महाराष्ट्रात सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या संशोधनाची परंपरा आहे, आणि आज राज्यातील हजारो अभियंते जगभरच्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि तपासतात. या विषयाचे शिक्षण त्यांना इंग्रजीतून मिळते. परंतु ज्या शब्दांना फझी संच जोडायचे ते ‘बरे’, ‘ठीक’, ‘बेताचे’, ‘उत्तम’ यांसारखे शब्द मराठी वापरकर्त्याच्या तोंडी मराठीतच येतात, आणि त्यांच्या मर्यादा त्याच्याशी मराठीत बोलूनच ठरवल्या पाहिजेत. या ग्रंथाचे प्रयोजन तेथे आहे.

पुढील प्रकरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्याने, परीक्षकाने आणि खरेदीच्या फाइलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने एक नियम कायम पाळावा : क्रमवारी मांडताना तिच्यासोबत भारांच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा, तज्ज्ञांतील मतभेद आणि वापरलेल्या पद्धतीचे नाव अवश्य मांडावे, आणि या तीन गोष्टी नसलेली क्रमवारी समोर आली तर ती स्वीकारू नये.